गोड का कडू?

“मंग बाई, तुमचं काय म्हनायचं? गोड का कडू?”

धनंजयच्या आत्यांनी मला हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर मांडी ठोकून बसले होते आणि माझ्याभोवती सगळीकडे चुंच पसरली होती. चुंच म्हणजे पावसाळ्यात बांधावर, कापसाच्या ओळीत, उकिरड्याच्या कडेला आपणहून उगवणारी भाजी. फूल पिवळं, इवलंसं. पान शिजवलं की बुळबुळीत. ज्या तागाची पोती होतात त्याची ही रानातली भावंडं. एका चुंचेपासून दुसरी चुंच वेगळी ओळखायची आणि प्रत्येकीला तिच्या जागी नेऊन बसवायचं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. कॉलेजात एक सर मला ‘पोत्यांच्या बाई’ म्हणायचे. मी त्यांना काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

धनंजय आणि मी त्याच कॉलेजात शिकवत होतो. लग्न आमचं आम्ही ठरवलं होतं, पण जात एकच निघाल्यामुळे फारशी आदळआपट झाली नव्हती. पितृपंधरवडा लागायच्या आत सुपारी फोडून घ्यायची असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे वडील यायचे होते. मी मात्र आदल्या दिवशीच धनंजयबरोबर त्याच्या गावी येऊन धडकले होते. होणारी सून सुपारीच्या आधी सासरी मुक्कामाला येते म्हणजे काय, असं कुणीतरी म्हणालंच असेल. पण या शिवारात ‘गोडी चुंच’ सापडते असं धनंजय म्हणाला होता, आणि चुंचेपुढे मला लाजलज्जा सुचत नसे. शिवाय धनंजयच्या आईनं, काकूंनी, स्वतः निरोप पाठवला होता, “ये गं, तुझंच घर आहे.”

सकाळी आम्ही दोघं रान तुडवून आलो होतो. पानाच्या बुडाशी दोन बारीक केसांसारख्या शेपट्या दिसल्या की ती चुंच, एवढं कुणालाही सांगता येतं. कुठली चुंच, ते मात्र पान सांगत नाही. त्यासाठी शेंग आडवी कापावी लागते. पाच खण निघाले तर मोठी चुंच. शेंग सडपातळ आणि तीन खणांची असली तर बहुधा कडू चुंच. सहा कडा आणि टोकाला तीन शिंगं असली तर तिसरीच कुणी. बायका जिला गोडी म्हणतात ती मोठीचीच कोवळी पोर आहे की वेगळी जात आहे, एवढं मला बघायचं होतं. धनंजय ब्लेडनं शेंगा कापत होता आणि मी खण बघत होते.

“नमुन्यांवरच्या सगळ्या पाट्या बदलाव्या लागणार आता,” मी म्हणाले. तेव्हा नुकतंच चुंचेचं कूळ बदललं होतं. फालशाच्या कुळातून उचलून तिला भेंडीच्या कुळात टाकलं होतं.

“बदलू की,” धनंजय म्हणाला. “कूळ काय, कागदावर असतं. झाडाला पत्ता तरी असतो का?”

तो असं काही बोलला की मला फार आवडायचा.

दुपारी तो पुन्हा रानात गेला आणि मी ओसरीवर जुड्या सोडून बसले. समोर आत्या चुंचेचीच भाजी निवडत होत्या. या धनंजयच्या वडिलांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या, आणि पुढं भाऊही गेल्यावर घरात शेवटचा शब्द त्यांचाच. काकू शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, सभेत भाषणं करायच्या, पण आत्या समोर आल्या की पदर सारखा करायच्या. आत्यांनी मला आधी माझ्या जुड्यांबद्दल विचारलं. ही कंची, ती कंची, हिला काय म्हणता. मी उत्साहात सगळं सांगितलं. मग हातातलं पान खुडत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, गोड का कडू.

“आमचं सगळं कडूच हो, आत्या!” मी हसत म्हणाले. “गोड आमच्याकडे औषधालासुद्धा सापडायचं नाही. तेवढ्यासाठी तर तुमच्या घरी आले.”

आत्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मांडीवरची भाजी सुपात झटकली आणि उठून आत गेल्या. त्यांचे गुडघे दुखत असतील असं मला वाटलं. मी शेंगा कापत बसले.

जेवायची वेळ झाली. सकाळी मी आत चुलीपाशी बसून, काकूंच्या हातची गरम भाकरी खाल्ली होती. दुपारी माझं ताट ओसरीवर आलं. गड्याच्या बायकोनं ते आणून ठेवलं आणि ती लगबगीनं परतली. मी आत डोकावून म्हणाले, “काकू, मी आतच येते की.”

“नको,” काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. “तिथंच बस.”

आवाज असा कोरडा, की माझा घास तोंडातच फिरायला लागला. सकाळी हीच बाई माझ्या केसांतून कुसळं काढत होती. मी काय केलं असेल याची उजळणी करत राहिले. चपला आत नेल्या? देवघराला पाठ केली? काही केल्या सापडेना.

धनंजय आला. त्याला आत हाक मारली. बराच वेळ आतून नुसती कुजबुज ऐकू येत होती. मग तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं मला खुणेनं कडब्याच्या गंजीमागे बोलावलं.

“आत्याला काय म्हणालीस तू?”

“काही नाही. चुंचेबद्दल बोलत होतो आम्ही.”

“तू कडू आहेस म्हणालीस?”

“मी नाही, चुंच! आमच्याकडे सगळी कडू चुंच आहे, गोडी नाही. ती शोधायला तर…”

धनंजयनं डोळे मिटले आणि गंजीला टेकून तो हसायला लागला. हसता हसता खालीच बसला. मला रडू यायच्या बेतात होतं आणि हा हसतोय.

“तुला खरंच माहीत नाही?” त्यानं विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. मी टेलिफोन खात्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. अण्णा लाइनमन होते. आई मी शाळेत असतानाच गेली. आम्हाला ना गाव होतं, ना भावकी. अण्णांचं गाव धरणात गेलं होतं. मग धनंजयनं मला सांगितलं. आपल्या लोकांत सोयरीक करताना विचारतात, गोड का कडू. गोड म्हणजे ज्यांच्या घराण्यात सगळं लग्नाबिग्नातलं. कडू म्हणजे ठेवलेल्या बाईचा वंश. ती बाई मरून किती पिढ्या का होईनात, त्या घरात कुणी मुलगी देत नाही की करून घेत नाही.

“अजून?” मी विचारलं.

“अजून म्हणजे काय, आजसुद्धा.”

“आणि म्हणून माझं ताट ओसरीवर?”

“जाऊ दे ना,” तो म्हणाला. “जुनी माणसं आहेत. तुमचं गाव धरणात गेलेलं, चौकशी कुणाकडे करायची, म्हणून आत्या आधीपासूनच धास्तावली होती. त्यात तू हे असलं उत्तर दिलंस!”

त्यानं आत जाऊन सगळं उलगडून सांगितलं. मग घरात असा हशा उठला की गडीमाणसंसुद्धा बघायला आली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मला जवळ ओढून घेतलं, पाठीत धपाटा घातला. “मेले, जीव घेतला असतास आमचा!” आत्याही शेवटी तोंडाला पदर लावून हसल्या. रात्री माझं ताट पुन्हा चुलीपाशी आलं, भाकरीवर लोण्याचा गोळा आला. माझ्या मनावरचं मणाचं ओझं उतरलं होतं. मीही पोट धरून हसले. तरी ओसरीवरच्या ताटाचं एक बारीक कुसळ आत कुठंतरी राहिलं होतं. पण लग्न मोडता मोडता वाचलं होतं, तेव्हा कुसळ कोण काढत बसतो.

सकाळच्या गाडीनं अण्णा आले. ठेवणीतला सफारी, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. ओसरीवर सतरंजी घातली होती. भावकीतली चार माणसं बसली होती. काकूंनी मला त्यांची स्वतःची हिरवी साडी नेसवली होती. पाटावर ताट तयार होतं, ताटात सुपारी, हळदकुंकू, खडीसाखर. आधी चहा झाला. आणि चहाबरोबर काकूंनी अण्णांना कालची गंमत सांगायला घेतली.

काकू सांगायच्या मात्र झकास. आत्यांचा आवाज, माझा आवाज, सगळं हुबेहूब. “आणि तुमची लेक काय म्हणते, आमचं सगळं कडूच हो!” भावकीतली माणसं मांड्यांवर थापा मारून हसली. एक म्हातारा म्हणाला, “बरं झालं, झाडावरच निभावलं!” पुन्हा हशा. मी लाजून हसत होते. धनंजय माझ्या शेजारी उभा राहून हसत होता.

अण्णा हसत नव्हते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“चुकून बोलली,” ते म्हणाले, “पण खरं बोलली.”

“काय म्हणालात?” काकूंनी अजून हसतच विचारलं.

“खरं बोलली ती. आम्ही कडूच.”

मला पहिल्यांदा वाटलं, अण्णा चुंचेबद्दलच बोलताहेत. आमच्याकडची चुंच कडू आहे, हे त्यांनाही माहीत होतं, माझ्याबरोबर ते कितीदा रानात आले होते. एवढं मूर्खासारखं मला वाटलं आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते वाटणं जागच्या जागी मेलं. सफारीतला हा माणूस, रोज सकाळी माझ्यासाठी चहा ठेवणारा, खांबावर चढून लोकांचे फोन जोडणारा, हा कोण आहे तेच मला कळेना. आणि मग मी कोण, तेही कळेना.

आधी सावरल्या त्या काकू.

“साहेबराव,” त्या अण्णांना म्हणाल्या, “लेक चेष्टेखोर कशी झाली ते आता कळलं. पण अशी चेष्टा करू नका हो. आमच्या वन्संना खरं वाटायचं.”

त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी अण्णांना दार उघडून दिलं होतं, आणि त्यातून अण्णांनी मुकाट्यानं बाहेर पडायचं होतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हिरव्या साडीकडे, धनंजयकडे, पाटावरच्या ताटाकडे.

“चेष्टाच,” ते म्हणाले. “चेष्टाच केली हो, ताई.” आणि ते हसले. जन्मात मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं. नाक दाबून कुणी हसायला लावावं तसं.

सगळ्यांनी सुटल्यासारखं हसून घेतलं. मघाचा म्हातारा तर खोकला लागेपर्यंत हसला. आत्या तेवढ्या हसल्या नाहीत. त्या अण्णांकडे टक लावून बघत होत्या.

धनंजय माझ्या कानाशी वाकला. “बरं झालं,” तो पुटपुटला. “अण्णांनी सावरलं.”

अण्णांचं ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली होती. धनंजयचं ऐकून उरलीसुरलीही गेली. म्हणजे यालाही समजलं होतं. खरं काय ते समजलं होतं, आणि माझ्या बापानं ते गिळलं याचा याला आनंद झाला होता.

“उरकून घ्या आता,” भावकीतलं कुणीतरी म्हणालं. काकूंनी ताट पुढं ओढलं. सुपारी हातात घेतली.

“थांबा,” मी म्हणाले. आवाज फाटका निघाला. “अण्णा, चेष्टा होती?”

“गप बस,” अण्णा म्हणाले.

“चेष्टा होती का?”

“उज्ज्वला, तुला गप बस म्हणलं ना!” ते माझ्यावर कधी ओरडत नसत. ओरडले आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि मला उत्तर मिळालं.

धनंजयनं माझा दंड धरला आणि मला दाराआड नेलं. “मिटलंय ना आता?” तो भराभर बोलायला लागला. “कशाला उकरतेस? मला काही फरक पडत नाही. खरंच सांगतो, काडीचाही नाही. तू जी आहेस ती आहेस.”

“मग बाहेर येऊन एवढंच सांग.”

“सगळ्यांसमोर?” तो म्हणाला. “अगं, वेडी आहेस का? आत्या आहे, भावकी आहे. उद्या माझ्या बहिणीच्या मुलींची लग्नं व्हायचीत. फक्त बोलायचं नाही, एवढंच. पुन्हा तो विषयच काढायचा नाही. अण्णांनाही सांगून ठेव.”

“कधीपर्यंत?”

“कधीपर्यंत म्हणजे काय? काढायचाच नाही.”

माझा त्याच्यावर जीव होता. तो खोटं बोलत नव्हता, हेही मला कळत होतं. त्याला फरक पडत नव्हता, कुणाला कळलं नाही तर. त्याच्याशी लग्न केलं तर अण्णा दर दिवाळीला या घरी येतील, पाहुण्यासारखे पाटावर बसतील, आणि कुणी कालची गंमत काढली की तसंच नाक दाबल्यासारखं हसतील. मला ते चित्र स्वच्छ दिसलं.

मी बाहेर आले. काकूंच्या हातात अजून सुपारी होती.

“अण्णांनी चेष्टा केली नाही,” मी म्हणाले. “आम्ही कडू आहोत. मलाही आत्ताच कळलं, तुमच्यासमोरच. सुपारी फोडायची असेल तर हे ऐकून फोडा.”

अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. काकूंनी धनंजयकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, मीही. तो ताटाकडे बघत होता. मला अजून आशा होती, हे सांगायला आज लाज वाटत नाही. तो एक शब्द बोलला असता तरी चाललं असतं. मग आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, काकूंच्या हातातली सुपारी घेऊन ताटात ठेवली आणि ताट उचलून आत गेल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही. धनंजयनंही नाही.

फाट्यापर्यंत अण्णा आणि मी चालत आलो. ते पुढं, मी मागं. नारळ तिथंच राहिला होता, पेढ्यांचा पुडा मात्र का कोण जाणे अण्णांनी परत आणला होता. गाडीला वेळ होता. रस्त्याच्या कडेला एका मोरीच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. लांबवर चिटपाखरू नव्हतं.

“मोडलंस,” अण्णा म्हणाले. “मी सावरलं होतं, तू मोडलंस. गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? मी बसलोच ना जन्मभर?”

“मग आज का बोललात?” मी रडत ओरडले. “एवढी वर्षं नाही सांगितलंत! मला एकटीलासुद्धा नाही! आणि आज, त्या लोकांत?”

अण्णांनी पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सारखा केला.

“मी ठरवून आलो नव्हतो,” ते म्हणाले. “सगळी हसायला लागली. ती हसली त्याचं काही नाही, ती परकी. पण तूपण हसत होतीस. माझी आई होती गं ती.”

माझं रडणं एकदम थांबलं. एवढ्या धक्क्यांत हा मला सगळ्यात मोठा बसला. मला आजी होती. मघापासून मी वंश, कूळ, सुपारी असलं काहीबाही घेऊन बसले होते, आणि या सगळ्यात एक बाई होती, जिनं अण्णांना जेवू घातलं असेल, न्हाऊ घातलं असेल. आमच्या घरात तिचा फोटो नव्हता, तिचं श्राद्ध नव्हतं. मी लहानपणी विचारलं तर ‘ती लवकर गेली’ एवढंच सांगून अण्णा कामाला लागत.

“काय नाव होतं तिचं?” मी विचारलं.

अण्णांनी आधी रस्त्याच्या या टोकाला बघितलं, मग त्या टोकाला. आमच्या दोघांखेरीज तिथं कुणी नव्हतं. तरी ते सरकून माझ्या जवळ आले, माझ्या कानाशी तोंड आणलं, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “गजरा.”